हिशेब रुईचा, तेल सरकीचे

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कापसाचा भाव म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे रुई येते. धाग्याची लांबी, ओलावा, खंडीचा दर, न्यूयॉर्कचा बाजार, हे सगळे आता पारावर बसलेला म्हातारासुद्धा सांगतो. पण एक क्विंटल कापूस जिनात घातला तर रुईचा उतारा पडतो ३३-३४ किलो, आणि सरकी निघते ६४ किलोच्या आसपास. बाकी कचरा आणि घट. म्हणजे वजनाने पाहिले तर आपण सरकी पिकवतो आणि तिच्या अंगावर थोडी रुई येते. तरीही सरकीचा भाव काय चालला आहे, हे विचारल्यावर सभेत हात वर होतात ते दोन-चार.

आधी हिशेब करू. समजण्यासाठी सरकी ३५ रुपये किलो धरा. ६४ किलोचे २२४० रुपये झाले. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा जाहीर झालेला हमीभाव होता ७७१० रुपये. म्हणजे क्विंटलच्या भावातला पाव हिश्शाहून जास्त पैसा सरकीचा आहे. सरकी किलोमागे एक रुपयाने हलली की कापूस क्विंटलमागे ६४ रुपयांनी हलायला पाहिजे. ती उतरते तेव्हा व्यापारी न चुकता कापसाचा भाव पाडतो. ती चढते तेव्हा मात्र त्याला रुईची मंदी आठवते.

आता ही सरकी कशाने चढते आणि कशाने उतरते? तिच्यातून दोन वस्तू निघतात, तेल आणि ढेप. सरकीत तेल असते साधारण १८ टक्के. आपल्याकडचे बहुतेक कारखाने सरकी लव आणि टरफलासकट एक्सपेलरमध्ये घालतात, त्यामुळे हाती तेल येते ११ टक्के आणि सहा-सात टक्के तेल ढेपेतच राहते. ६४ किलो सरकीचे तेल झाले सात किलो, ढेप ५५ किलो. तेल १२० रुपये धरले तर ८४० रुपये, ढेप २८ रुपये धरली तर १५४० रुपये. ढेपेचा वाटा मोठा आहे हे खरे. पण ढेपेचा भाव आपल्या गोठ्यावर, दुधावर, चाऱ्यावर ठरतो. अकोला-खामगावच्या बाजारात तो आपल्याला दिसतो. तेलाचा भाव आपल्या डोळ्यांसमोर ठरत नाही. तो मलेशिया, इंडोनेशिया आणि दिल्ली यांच्यामध्ये ठरतो. तेल किलोला वीस रुपयांनी पडले की क्विंटलभर कापसाचे १४० रुपये गेले. ते कोणी नेले हे कळायला थोडे रसायनशास्त्र लागते. घाबरू नका. आम्ही कृषी महाविद्यालयात जे चार वर्षांत शिकलो त्यातले कामाचे अर्ध्या तासात सांगता येते.

तेलाचा कण आणि तिफण

तिफण सर्वांनी धरली आहे. एक खोड आणि त्याला तीन फण. तेलाचा कणही असाच असतो. ग्लिसरॉल नावाचे एक खोड आणि त्याला जोडलेले तीन लांब फण. या फणांना मेदाम्ले म्हणतात. करडई असो, भुईमूग असो, तूप असो की पामतेल असो, खोड सगळ्यांचे एकच. फरक आहे तो फणांत.

फण म्हणजे कार्बनच्या कणांची साखळी, बहुतेक तेलांत १६ किंवा १८ कड्यांची. काही साखळ्या तुराटीसारख्या सरळ असतात. त्यांना संपृक्त म्हणतात. काहींना मध्ये एक बाक असतो, ते ओलिक आम्ल. दोन बाक असले तर लिनोलिक, तीन असले तर लिनोलेनिक. जिथे दुहेरी बंध असतो तिथे हा बाक पडतो. तुराट्यांची मोळी बांधा, घट्ट बसते. बाभळीच्या वाकड्या फांद्यांची बांधा, मध्ये पोकळ्या राहतात. तेलाचेही तसेच. सरळ साखळ्या एकमेकींना चिकटून बसतात, म्हणून तूप आणि पामतेल थंडीत गोठते. वाकड्या साखळ्या बसत नाहीत, म्हणून करडईचे तेल पौषातही पातळ राहते. खोबरेल तेलाची गोष्ट थोडी वेगळी. त्याच्या साखळ्या आखूड पण सरळ, म्हणून ते हिवाळ्यात दगड आणि उन्हाळ्यात पाणी.

या बाकाला एक खोड आहे. हवेतला प्राणवायू तिथेच चावतो. तेल खवट होते ते तिथे. एक बाकाचे ओलिक आम्ल ज्या वेगाने बिघडते, त्याच्या दहापटीहून जास्त वेगाने दोन बाकांचे लिनोलिक, आणि त्याच्या दुप्पट वेगाने तीन बाकांचे लिनोलेनिक. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक लिनोलेनिक असते. म्हणून ते लाकडाला लावले की चार दिवसांत वाळून कातडे धरते आणि रंगाच्या कारखान्याला लागते. विदर्भात आपल्या आज्यांनी तेच तेल खाल्ले, पण घाणीवरून ताजे आणून, थोडे थोडे.

आता कोणात काय ते ऐका. करडईत लिनोलिक ७५ टक्क्यांच्या आसपास. भुईमुगात ओलिक जास्त, ४० ते ५० टक्के, म्हणून गोडेतेल तळणाला टिकते. पामतेलात सरळ साखळीचे पामिटिक आम्ल ४४ टक्के. आपली सरकी मधली आहे: लिनोलिक निम्म्याहून थोडे जास्त, पामिटिक पावहिश्शाच्या आत, बाकीचे बहुतेक ओलिक. वास नाही, चव नाही, जीवनसत्त्व ‘ई’ भरपूर. तळणाला चांगले. गुजरातेत ‘कपासिया तेल’ म्हणून लोक ते नाव घेऊन विकत घेतात. आपल्याकडे तेच तेल फरसाणात आणि हॉटेलच्या कढईत निनावी हिंडते. पिकवणाऱ्यांच्या मुलखात पिकाच्या तेलाला नाव नाही.

साबणवाल्यांनी सरकीचे काय केले

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतले जिनवाले सरकी फेकून देत. पुढे तिच्यातले तेल काढून साबण-मेणबत्त्यांत घालू लागले. १९०२ च्या सुमारास विल्हेल्म नॉर्मान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने पातळ तेल घट्ट करण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले. तेल तापवायचे, त्यात निकेल धातूची भुकटी घालायची आणि दाबाखाली हायड्रोजन वायू सोडायचा. हायड्रोजन दुहेरी बंधावर बसतो, बाक सरळ होतो, तेलाचे तूप दिसू लागते. प्रॉक्टर अँड गँबल या साबणाच्या कंपनीने १९११ साली याच रीतीने सरकीचे तेल घट्ट करून ‘क्रिस्को’ नावाने डब्यात विकले. काल फेकून देत होते ती सरकी आज स्वयंपाकघरात गेली. माल शेतकऱ्याचाच होता, त्याच्यात काही बदल झाला नव्हता. बदलली ती प्रक्रिया, आणि पैसा प्रक्रियेच्या मागे गेला.

आपल्याकडे हाच माल वनस्पती तूप म्हणून आला. १९३७ साली डालडा निघाला आणि पुढे खेडोपाडी वनस्पती तुपाचे नावच डालडा पडले. साजूक तुपात त्याची भेसळ होऊ लागली. ती ओळखायची कशी? सरकारने नियम केला की वनस्पतीत ५ टक्के तिळाचे तेल घातलेच पाहिजे. तिळाच्या तेलाला फरफ्युरल आणि हायड्रोक्लोरिक आम्ल लावले की लाल-गुलाबी रंग येतो. त्यामुळे तुपाला रंग आला की चोर सापडला. याला बोदुआँची चाचणी म्हणतात. तीळ इथे खाण्यासाठी नव्हता, साक्षीदार म्हणून होता. सरकीच्या तेलालाही अशी स्वतःची चाचणी आहे, हाल्फेनची. तिच्यातही लालच रंग येतो.

पण बाक सरळ करताना एक घोटाळा होतो. सगळे बाक हायड्रोजनने भरले तर तेल मेणासारखे कडक होते, खाता येत नाही. म्हणून काम अर्ध्यावर थांबवतात. त्या अर्ध्या कामात काही दुहेरी बंध तसेच राहतात, पण साखळी उलटी वळून सरळ होते. हे ट्रान्स मेद. शरीराला ते ओळखता येत नाहीत. १९९० साली हॉलंडमधल्या मेन्सिंक आणि काटान यांनी दाखवले की ट्रान्स मेदाने रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढते आणि चांगले घटते. म्हणजे साजूक तुपापेक्षाही ते वाईट. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ही मर्यादा हळूहळू खाली आणली. २०२१ मध्ये ३ टक्के आणि १ जानेवारी २०२२ पासून २ टक्के. मर्यादा योग्य आहे, तिच्याविरुद्ध आमची तक्रार नाही.

पण तिचा बाजारावर काय परिणाम होतो ते पाहा. बेकरीवाल्याला, बिस्किटवाल्याला घट्ट चरबी लागतेच. सरकीचे किंवा सोयाबीनचे तेल अर्धवट घट्ट करता येत नाही म्हटल्यावर त्याला असे तेल हवे जे मुळातच अर्धे घट्ट आहे. ते कोणते? ४४ टक्के सरळ साखळ्यांचे पामतेल. त्याला हायड्रोजन लागत नाही, ट्रान्स होत नाही आणि ते स्वस्त. पामच्या एका हेक्टरातून आपल्या तेलबियांच्या कितीतरी पट तेल निघते, तिथे पाऊसही बारमाही. आपण कोरडवाहूवाले पाऊस आला तर पेरतो. ही शर्यत बरोबरीची नाही, पण आम्ही शर्यतीला भीत नाही. आमचे म्हणणे एवढेच की मधेच शर्यतीचे नियम बदलू नका.

आणि नियम बदलतात. १९९४ मध्ये पामोलीनची आयात ६५ टक्के शुल्कावर खुली केली. १९९८ पर्यंत शुल्क १५ टक्क्यांवर आले. पुढे ते वर गेले, खाली आले, किती वेळा याची मोजदाद ठेवायला वेगळी वही लागेल. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या पाम, सोया आणि सूर्यफूल तेलांवरचे मूळ शुल्क शून्यावरून २० टक्के केले. तेलबियांचा भाव सुधारेल असे वाटून शेतकऱ्याने पेरणीचा विचार करावा, तो ३० मे २०२५ ला, खरिपाच्या तोंडावर, ते १० टक्के करून टाकले. सणात तेल महागले की ओरड होते, भाव पडून घर बसते तेव्हा होत नाही. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येते, गेली काही वर्षे दीडशे लाख टनांच्या आसपास. आणि मग तेलबियांत स्वावलंबनासाठी मोहिमा निघतात! एका हाताने बांध घालायचा आणि दुसऱ्याने फोडायचा.

मग आपणच काढून खाऊ?

असे बोलल्यावर दर सभेत एक तरुण उठतो आणि म्हणतो, साहेब, सरकी आपली, गावात घाणी आहे, आपणच तेल काढून घरी खाऊ. त्याचा उत्साह चांगला आहे. पण हे करायचे नाही. बायांनो, तुम्ही विशेष ध्यान देऊन ऐका.

सरकीचा दाणा फोडून पाहा, मगजात बारीक काळे ठिपके दिसतील. त्या ग्रंथी आहेत आणि त्यांत गॉसिपॉल नावाचे पिवळे विष आहे. पऱ्हाटीने ते किडीपासून संरक्षणासाठी केलेले आहे. कच्चे घाणीचे तेल लालसर-काळपट दिसते ते यामुळेच. चीनमध्ये १९५० च्या दशकात काही खेड्यांत सरकी न शिजवता थंड दाबून काढलेले कच्चे तेल लोकांनी खाल्ले आणि त्या गावांत पाळणे हलेनासे झाले. दोष बायांवर गेला असेल हे सांगायला नकोच. पण कारण पुरुषांत होते, गॉसिपॉलने शुक्रजंतू बनणे थांबले होते. पुढे १९७० च्या दशकात तिथल्या शास्त्रज्ञांनी त्याचीच पुरुषांसाठी गर्भनिरोधक गोळी करून हजारो जणांना दिली. पण काहींच्या रक्तातले पोटॅशियम घसरले आणि काहींचे वंध्यत्व कायमचे राहिले. तो नाद सोडावा लागला.

कारखान्यात हे विष कसे जाते? आधी सरकी वाफेवर शिजवतात, तेव्हा बराचसा गॉसिपॉल प्रथिनांना चिकटून ढेपेत राहतो. मग तेलाला कॉस्टिक सोडा देतात. सुट्या आम्लांचा साबण होतो आणि उरलेला गॉसिपॉल त्या साबणाच्या गाळाबरोबर खाली बसतो. तो गाळही वाया जात नाही, साबणवाला नेतो. पुढे तेल पाण्याने धुतात, मातीतून गाळून रंग काढतात आणि शेवटी निर्वात भांड्यात दोनशे अंशांच्या वर तापवून वाफेने वास काढतात. कॉस्टिकचे प्रमाण तेलातले आम्ल मोजून ठरवावे लागते. हे चुलीवर, अंदाजपंचे करायचे काम नाही. म्हणून बाजारातले शुद्ध केलेले सरकीचे तेल खुशाल खा, घाणीचे कच्चे खाऊ नका. गावातल्या घाणीवाल्यालाही सांगून ठेवा.

बीटी सरकीच्या तेलाचे विचारतात. बीटीचे जे काही असते ते प्रथिन असते आणि शुद्ध केलेल्या तेलात प्रथिन राहत नाही. गॉसिपॉल मात्र देशी, संकरित, बीटी, सगळ्या सरक्यांत असतो.

गाई-म्हशींना ढेप चालते, कारण त्यांच्या कोठीपोटातले जंतू आणि प्रथिने गॉसिपॉलला बांधून ठेवतात. लहान वासराचे कोठीपोट तयार झालेले नसते, त्याला सरकी किंवा ढेप घालू नका. कोंबड्यांनाही नको. अंड्याचा बलक हिरवट-तपकिरी आणि पांढरे गुलाबी पडते, मग लोक करणी झाली म्हणून भगताकडे जातात. ढेपेत तेल राहते ही नासाडी आहे असे तेलाच्या कारखान्याचे तज्ज्ञ म्हणतात. म्हशीवाल्याला विचारा, त्याला त्या तेलाचा फॅट दुधात मिळतो. आम्ही या वादात म्हशीवाल्याच्या बाजूचे.

ग्रंथी नसलेला कापूस शास्त्रज्ञांनी केला होता. पण पानांतलेही विष गेल्याने किडींनी आणि उंदरांनी त्याच्यावर ताव मारला. अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठात कीर्ती राठोड या आपल्याकडून गेलेल्या शास्त्रज्ञाने फक्त दाण्यातला गॉसिपॉल घटवला, पानाचा तसाच ठेवला. तिथल्या सरकारने २०१८ मध्ये त्याच्या लागवडीला आणि २०१९ मध्ये खाण्याला परवानगी दिली. असा दाणा आपल्या रानात आला तर सरकीचा हिशेब नव्याने मांडावा लागेल.

घाणीवर काय न्यायचे

करडई न्या. ज्वारीच्या कडेने चार ओळी करडईच्या, ही आपल्या बापजाद्यांची रीत. काट्यामुळे जनावर आत शिरत नाही आणि घरचे तेल होते. हात फाटतात म्हणून तरुण नको म्हणतात, त्यांच्यासाठी फलटणच्या निंबकर संस्थेचे बिनकाट्याचे नारी-६ आहे. काटेरी चालत असेल तर सोलापूरचे भीमा आहेच. पाच माणसांच्या घराला माणशी रोज २५ ग्रॅम धरले तर वर्षाला ४५ किलो तेल लागते. क्विंटलभर करडईतून घाणीवर वीस-बावीस किलो निघते. म्हणजे दोन क्विंटल करडई, कोरडवाहूत अर्धा-पाऊण एकर. विकायला म्हणून पेरा असे आम्ही सांगत नाही, करडईचा पेरा का घटला हे तुम्हाला आमच्याहून चांगले माहीत आहे. घरी खाण्यापुरते पेरा. करडई विकून पाकिटातले पामोलीन आणायचे, यात दोन्हीकडचा नफा दुसऱ्याचा.

मात्र करडईचे तेल फोडणीला, भाजीला आणि भाकरी-चटणीवर घ्यायला. तळणाला नाही. दोन बाकांच्या साखळ्या कढईत एकमेकींना चिकटतात, कडेला जो डिंकासारखा थर बसतो तो हाच. तळायला गोडेतेल घ्या आणि तेही पुन्हा पुन्हा तापवू नका. हॉटेलवाल्यांच्या तळलेल्या तेलालाही १ जुलै २०१८ पासून मर्यादा आहे, बिघडलेले घटक २५ टक्क्यांवर गेले की ते तेल टाकून द्यायचे. यात्रेत वड्याच्या कढईला फेस आलेला दिसला की पुढच्या दुकानात जा.

बी पूर्ण वाळवून कोरडे ठेवा, तेल एकदम काढू नका. बियात ते टिकते, डब्यात बिघडते. दीड-दोन महिन्यांचेच काढा, गाळ बसू द्या, वरचे निथळून तोंडापर्यंत भरलेल्या बरणीत, अंधारात ठेवा. पितळेच्या भांड्यात नको, तांब्याचा अंश लागला की खवटपणा दुपटीने येतो.

आणि तालुक्याच्या कार्यकर्त्यांनी एक काम करायचे. जिनाच्या दारात रुईचा भाव लिहिलेला असतो. या हंगामात दर बाजाराच्या दिवशी त्याच्या खाली सरकी, ढेप आणि सरकीचे तेल, तिघांचे भाव वहीत टिपा, त्या दिवशी कापूस काय भावाने घेतला तेही लिहा. खंडी म्हणजे ३५६ किलो. खंडीच्या भावाला ३५६ ने भागून ३४ ने गुणा, त्यात सरकीच्या किलोच्या भावाला ६४ ने गुणून मिळवा, जिनिंगचा खर्च वजा करा. जो आकडा येईल तो आणि मिळालेला भाव, दोन्ही शेजारी शेजारी लिहून वही पुढच्या बैठकीला आणा.